दख्खनी लोकरीची घोंगडी: सोलापुरातील एका विणकर गटाच्या मालाचे परीक्षण

सोलापुरात पांघरूण म्हटले की चादर, आणि तीही भौगोलिक मानांकन मिळालेली, अशी परिस्थिती असल्यामुळे याच जिल्ह्यातील सांगोला, मंगळवेढा, माळशिरस या भागांत मेंढीच्या लोकरीची घोंगडी अजून हातमागावर विणली जाते, हे शहरातील पुष्कळांच्या गावीही नसते. अलीकडे काही धनगर कुटुंबे, सणगर विणकर आणि शिकून गावाकडे परतलेली काही मुले-मुली यांनी एकत्र येऊन हा माल शहरात विकायला आणला आहे. अशाच एका गटाच्या सात रस्ता परिसरातील दुकानातून घेतलेली काळी घोंगडी थंडीत, पावसात आणि प्रवासात वापरून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. दुकानाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या एकट्या या गटाच्या नाहीत. अशा बहुतेक प्रयत्नांना त्या कमी-अधिक प्रमाणात लागू पडतात.

घोंगडीच्या पिशवीवर ‘परंपरेचे शहाणपण, आजचे विज्ञान’ असे छापले आहे. हल्ली गुळापासून साबणापर्यंत सगळ्यांवर या धर्तीचे काहीतरी छापलेले असते, त्यामुळे ते कितपत खरे आहे हे मालाच्या एकेका पायरीवर तपासल्याशिवाय कळत नाही. तसे तपासल्यावर माझे मत असे झाले आहे की हे वाक्य घोंगडीच्या बाबतीत बहुतांशी खरे आहे आणि घोंगडीला लावलेल्या चिठ्ठीच्या बाबतीत साफ खोटे आहे.

आधी वस्तूविषयी. एका माणसाला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून घेता येईल एवढी ती लांब-रुंद आहे आणि वजनाला अडीच किलोच्या आसपास भरते. रंग काळा म्हणायचा, परंतु उन्हात धरली की त्यात टोकाशी तांबूस झालेले केस, मधूनच एखादा पांढरा केस आणि कुठे करडी झाक असे सगळे वेगवेगळे दिसू लागते, कारण हा रंग रंगाऱ्याच्या भांड्यातला नाही, मेंढीच्या अंगावरचाच आहे. धागा सर्वत्र सारखा जाड नाही. बोट फिरवले तर दर वितीला एखादी बारीक गाठ किंवा सैल पडलेला पीळ लागतो, आणि हाताने कातलेल्या सुताची हीच खात्रीची खूण असते. दोन्ही टोकांचे ताण्याचे, म्हणजे उभे, मोकळे धागे जोडी-जोडीने पिळून गाठवलेले आहेत आणि त्या गाठी आजवर एकही सुटलेली नाही. एका अंगाची किनार मात्र मध्यावर बोटभर आत ओढली गेली आहे. विणताना आडवा धागा, म्हणजे बाणा, जास्त खेचला गेला की असे होते. वापरात त्याने काही बिघडत नाही, पण साडेतीन हजारांच्या घरात किंमत असलेला माल फळीवर ठेवण्याआधी कोणीतरी उलगडून पाहायला हवा होता.

नवी घोंगडी घरात आणली तेव्हा ती जवळजवळ उभी राहील इतकी कडक होती आणि तिला मेंढीचा, ओल्या मातीचा आणि किंचित आंबूस असा मिश्र वास येत होता. हा कडकपणा खळीचा असतो. ताणा मागावर चढवण्याआधी चिंचोके भिजवून, कुटून, शिजवून त्यांची दाट खळ करतात आणि ती ताणलेल्या धाग्यांवर कुंच्याने एकाच दिशेने ओढत नेतात, त्यामुळे लोकरीचे सुटे केस धाग्याला चिकटून बसतात आणि मागावर धागा घासून तुटत नाही. हे काम सकाळच्या कोवळ्या उन्हात करायचे, ऊन चढले की खळ लवकर वाळून धागा ठिसूळ होतो, हे विणकराला कोणी पुस्तकातून शिकवलेले नसते.

या ठिकाणी जुने आणि नवे ज्ञान एकमेकांना खरोखर भेटलेले दिसते. चिंचोक्याच्या गरात एक बहुशर्करा असते, जिला रसायनशास्त्रात झायलोग्लुकॅन म्हणतात, आणि तिच्या चिकटपणामुळेच चिंचोक्याची पूड ताग आणि सुती कापडाच्या गिरण्यांतही खळीसाठी वापरली जाते. म्हणजे सणगरांच्या अंगणातील मडक्यात जे शिजते त्याला गिरणीचीही मान्यता आहे. दुकानातील मुलीने सांगितले की गटाने मध्यंतरी बाजारातील तयार कृत्रिम खळ वापरून पाहिली होती, कारण चिंचोके कुटण्याचे कष्ट मोठे आहेत. त्या वेळी दुकानात माल घेऊन आलेले एक वयस्कर विणकर शेजारीच बसले होते. ते म्हणाले, “ती खळ मागावर चांगली चालली की, पर धुताना निघंना. घोंगडी मऊच पडंना.” त्यावर मुलगी म्हणाली, “मामा, म्हणून तर आपण परत चिंचोक्यावर आलो. फक्त कुटायला गिरणी लावली.” चिंचोके आता चक्कीवर दळून येतात, खळ पूर्वीसारखी चुलीवर शिजते. कष्ट कमी झाले, गुण तोच राहिला. पिशवीवरच्या त्या वाक्याचा अर्थ मला या संभाषणात जितका नीट कळला तितका पुढे कुठेच कळला नाही.

लोकर पिंजण्याच्या कामातही असाच विचार केलेला आहे. पूर्वी ती धनुकलीने पिंजत असत आणि त्या कामात उडणारी धूळ, तुटके केस व मेंढीच्या अंगावरची सुकलेली घाण पिंजणाऱ्याच्या छातीत जात असे. आता एका सामाईक पिंजण यंत्रावर ते काम होते. सूत कातणे मात्र अजून घरोघरी बायकांच्या हातीच, चरख्यावर चालते. याचे कारण विचारले तेव्हा दोन उत्तरे मिळाली. एक असे की दख्खनी लोकरीचे केस आखूड आणि लांबीला असमान असल्यामुळे सर्वसाधारण सूतगिरणीच्या यंत्रावर त्यांचा धागा नीट धरत नाही. दुसरे असे की मोटारीचा चरखा घ्यायचा तर शेड हवी, वीज हवी आणि बायकांनी घर सोडून तिथे ठरलेल्या वेळी यायला हवे. पहिले उत्तर तांत्रिक आहे आणि पटते. दुसऱ्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

आता वापराविषयी. सोलापूरच्या थंडीला ही घोंगडी जरा जास्तच होते, हे आधीच सांगून टाकलेले बरे. डिसेंबर-जानेवारीतील काही रात्री सोडल्या तर शहरातल्या बंद खोलीत ती अंगावर घेणे अवघड आहे. गच्चीवर, शेतातल्या वस्तीवर किंवा पहाटेच्या एसटीत मात्र तिला तोड नाही. उन्हाळ्यात ती आमच्याकडे अंथरूण म्हणून वापरात असते आणि फरशीच्या गारव्यापासून पाठीला जे जाड अंतर मिळते त्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांनी ती परस्पर आपल्या ताब्यात घेतली आहे.

पावसातील तिचे काम पाहण्यासारखे आहे. घोंगडीचा एक कोपरा आत दुमडून खोळ केली आणि ती डोक्यावरून पाठीवर सोडली की मध्यम पावसात बराच वेळ आतले कपडे कोरडे राहतात. घरी ताणून धरलेल्या घोंगडीवर पेलाभर पाणी सावकाश ओतून पाहिले तेव्हा पहिल्यांदा ते आत शिरलेच नाही, लव धरलेल्या केसांच्या टोकांवर थेंब तसेच डळमळत राहिले आणि कापड तिरके करताच घरंगळून गेले. हाताने चोळल्यावर मात्र ते आत मुरले. लोकरीच्या केसावर मेणासारखे लॅनोलिन असते आणि गिरणीत गरम पाणी व सोड्याने केलेल्या धुलाईत त्यातील बहुतेक निघून जाते. धनगर कातरणीपूर्वी मेंढ्या ओढ्यात धुतात, त्यात माती निघते आणि मेण राहते. गटाने लोकर त्यापुढे आणखी शुभ्र, आणखी सुवासिक करण्याचा मोह टाळला आहे, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे, कारण शहरी गिऱ्हाइकाची पहिली तक्रार वासाचीच असते. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्के बाष्प पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. दवात पडून राहिलेल्या घोंगडीखाली मेंढपाळ कोरडा कसा राहतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी यात आहे.

शेकोटीजवळ ती पॉलिस्टरच्या ब्लँकेटपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. ठिणगी पडली तर लोकर जळते, पण पेट घेऊन पसरत नाही, ठिणगी विझली की तीही विझते. माल खरा की भेसळीचा हे ओळखण्याचीही हीच रीत आहे. टोकाचा एखादा धागा तोडून काडी लावावी: लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येतो आणि मागे राहिलेला काळा मणी चिमटीत चुरडतो, ॲक्रिलिक किंवा पॉलिस्टर असेल तर ते वितळते आणि थंड झाल्यावर टणक गोळी होते. यात्रा-जत्रांतून आणि रस्त्याकडेला स्वस्तात मिळणाऱ्या पुष्कळ ‘घोंगड्या’ पुनर्वापराच्या मिश्र धाग्याच्या, यंत्रमागावरच्या असतात. त्या वाईटच असतात असे नाही, गरीब माणसाची थंडी त्याही भागवतात, परंतु त्या दख्खनी लोकरीच्या म्हणून घेऊ नयेत. मी घेतलेली घोंगडी काडीच्या परीक्षेत निखळ उतरली.

दोष म्हटला तर टोचण्याचा आहे आणि तो लपवण्यासारखा नाही. लोकरीच्या केसाची जाडी साधारण 30 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढे गेली की त्याचे टोक कातडीला बोचते. मेरिनो मेंढीची लोकर त्याच्या बरीच खाली राहते, दख्खनीची वर जाते. त्यामुळे उघड्या अंगाशी ही घोंगडी घेऊन झोपू पाहणाऱ्याची पहिली रात्र वाईट जाईल. खाली सुती चादर असावी, आणि इथे सोलापुरी चादर व सांगोल्याची घोंगडी यांची जोडी उत्तम जमते. वापराने, धुण्याने आणि खळ पूर्ण निघून गेल्यावर तिचा खरखरीतपणा बराच कमी होतो, पण ती शालीसारखी मऊ कधीही होणार नाही. तसे सांगून विकणाऱ्याकडून घेऊ नये.

आता त्या चिठ्ठीविषयी, जिचा मला मनापासून राग आला. घोंगडीला सुतळीने बांधलेल्या जाड कागदाच्या चिठ्ठीवर लिहिले आहे की ही घोंगडी वापरल्याने पाठदुखी, सांधेदुखी, संधिवात, रक्तदाब आणि निद्रानाश बरे होतात, तिच्या टोचण्याने ‘ॲक्युप्रेशर’ होते आणि ती शरीरातील ‘नकारात्मक ऊर्जा’ शोषून घेते, हे सर्व ‘विज्ञानाने सिद्ध’ झालेले आहे. कोणत्या विज्ञानाने, ते मात्र चिठ्ठीवर नाही. दुखऱ्या सांध्याला ऊब मिळाली की बरे वाटते, हे कोणीही मान्य करील, गोधडीनेही वाटते. परंतु रक्तदाब असलेल्या एखाद्या आजोबांनी चिठ्ठी वाचून गोळी बंद केली, तर त्याची जबाबदारी कोणावर? बरे, ही विधाने परंपरेतलीही नाहीत. मेंढपाळ घोंगडी वापरतो ती थंडी, पाऊस, अंथरूण, झोळी, सावली आणि देवाच्या पुढ्यात अंथरण्यासाठी. दिवाळीत मंगळवेढा तालुक्यातील हुलजंतीला महालिंगरायाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतात, इतकी ती श्रद्धेशी जोडलेली आहे. त्या श्रद्धेत ‘नकारात्मक ऊर्जा’ हा शब्द कुठेही नाही. तो शहरातील जाहिरातीतून उचललेला आहे आणि धनगराच्या तोंडी घातलेला आहे. अशा चिठ्ठीत धनगराचे अनुभवाचे ज्ञानही नसते आणि प्रयोगशाळेतले तपासलेले ज्ञानही नसते, दोन्हींचे फक्त नाव वापरलेले असते.

खंत याची वाटते की लिहिण्यासारखे खरे पुष्कळ आहे. केसाची जाडी, लोकरीचे शेकडा प्रमाण, उष्णता रोखण्याची क्षमता, पाणी किती वेळ थोपवते, या सगळ्या मोजता येण्याजोग्या गोष्टी आहेत आणि त्या मोजण्यासाठी परदेशात जावे लागत नाही. ठाण्याला लोकर संशोधनाची संस्था आहे, राजस्थानात अविकानगर येथे 1962 पासून केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे. एका घोंगडीचा तुकडा पाठवून मिळालेला एका पानाचा अहवाल चिठ्ठीवर छापला, तर तो पाच रोगांच्या नावांपेक्षा अधिक विकेल, निदान माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला.

या घोंगडीचे भवितव्य दुकानापेक्षा माळावर अधिक ठरणार आहे, म्हणून थोडे मेंढीविषयी लिहिणे भाग आहे. दख्खनी मेंढी काळी, काटक, लांब चालणारी. सांगोल्याकडील तिची सोलापुरी नावाने ओळखली जाणारी जात याच कमी पावसाच्या माळरानावर घडली. तिच्यापासून वर्षाकाठी किलोभरसुद्धा लोकर निघत नाही, म्हणजे एका घोंगडीमागे चार-पाच मेंढ्यांची वर्षाची कातरणी लागते. या लोकरीला बाजारात भाव इतका कमी की पुष्कळ ठिकाणी कातरणाऱ्याची मजुरीही त्यातून सुटत नाही आणि कातरलेली लोकर बांधावर टाकून कळप पुढे जातो. उत्पन्न मांसाचे, आणि खताचे. शेतात कळप बसवला की त्या रात्रीचे धान्य किंवा पैसे शेतकऱ्याकडून मिळतात. ज्याला आज एकात्मिक शेती म्हणून प्रशिक्षण शिबिरात फळ्यावर काढून दाखवतात ते हेच.

त्यामुळे मेंढपाळ जर जत भागातील माडग्याळ मेंढीकडे वळत असेल, जी थोराड असते, लवकर वजन धरते पण अंगावर लोकर जवळजवळ धरत नाही, तर त्याला दोष देता येत नाही. आधुनिक संशोधनाने मेंढपाळाला दिलेली मदतही बहुतेक याच दिशेची आहे. आपल्या शेजारच्या फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालमधील गरोळ मेंढीतील जुळ्यांना कारणीभूत असलेला जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली, ज्यामुळे एकाऐवजी दोन कोकरे मिळण्याची शक्यता पुष्कळ वाढली. हे काम मोठे आहे. या संस्थेने स्थानिक मेंढीचा काटकपणा जपून सुधारणा केली, म्हणून ते मला विशेष वाटते. परंतु लोकरीला भाव येण्यासाठी तेवढ्याच तोलाचा प्रयत्न झाल्याचे दिसत नाही, आणि जोवर तो होत नाही तोवर घोंगडीचा कच्चा माल कमीच होत जाणार. हा गट धनगरांकडून लोकर किलोवर वजन करून, काळी-पांढरी वेगळी करून, जागेवर पैसे देऊन घेतो. ‘स्वच्छ आणि निवडलेल्या लोकरीला जादा भाव’ असा फलक दुकानातही लावलेला आहे. माझ्या मते या गटाचे सर्वांत मोलाचे काम हेच आहे, आणि नेमका याच गोष्टीचा उल्लेख चिठ्ठीवर नाही.

चराईचा प्रश्नही यालाच लागून आहे. सोलापूरजवळील नान्नजचे माळढोक अभयारण्य 1979 साली जाहीर झाले आणि तेव्हापासून माळावर मेंढ्या असाव्यात की नसाव्यात हा वाद अधूनमधून निघतो. अति चराईने गवत संपते हे खरे, आणि गवताळ माळ ओसाड समजून त्यावर झाडे लावल्याने माळढोकासारख्या उघड्या माळावरच्या पक्ष्याचे नुकसान होते, हेही तितकेच खरे. कोणत्या महिन्यात कोणता माळ मोकळा ठेवायचा, कुसळी गवत दाणा धरण्याआधी कळप कुठे हलवायचा हे मेंढपाळाला ठाऊक असते. वनस्पतिशास्त्रज्ञाला गवतांच्या जाती ठाऊक असतात. दोघांना एका बैठकीत बसवण्याचे काम घोंगडी विकणाऱ्या गटाकडून होईल अशी अपेक्षा करणे जास्तीचे होईल. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांचे वर्ष म्हणून जाहीर केले आहे, तर निदान त्या निमित्ताने जिल्हा पातळीवर ते व्हायला हरकत नाही.

दुकानात भिंतीवर आणखी एक फलक आहे आणि त्यासाठी या गटाचे कौतुक केले पाहिजे. घोंगडीच्या किमतीतील किती वाटा लोकरीला, किती पिंजण्याला, किती कातण्याला, किती विणण्याला, किती दुकानभाडे व वाहतुकीला जातो, हे त्यावर ओळीने लिहिलेले आहे. असा हिशेब उघड्यावर मांडणारे दुकान सोलापुरात मी दुसरे पाहिलेले नाही. पण हिशेब उघडा असला की तो वाचताही येतो. एका विणकराच्या मागाला पुरेल एवढे सूत कातायला कितीतरी बायकांचे हात लागतात आणि तासांच्या हिशेबाने कातण्याचे काम विणण्याहून मोठे आहे. तरी फलकावर कातण्याचा वाटा विणण्याच्या वाट्यापेक्षा लहान आहे. याचे कारण विचारल्यावर “बायका घरचं काम करत करत कातत्यात की” असे उत्तर मिळाले. मोटारीच्या चरख्याला बायका घर सोडून येणार नाहीत, हे जे दुसरे उत्तर वर दिले त्याचा दुसरा भाग हा आहे. घरी बसून होते म्हणून ते स्वस्त, आणि स्वस्त आहे म्हणून त्याला यंत्र मिळत नाही. पायाने चालणारा, वीज न लागणारा सुधारित चरखा घरातही ठेवता येतो. गटाने चिंचोक्यासाठी गिरणी शोधली तशी ही सोयही शोधायला हवी. परंपरा जपायची म्हणून कोणाची मजुरी कमी ठेवायची, हे मला मान्य नाही.

चिठ्ठीवर चौकोनी कोडही आहे. मोबाइलने तो वाचला की घोंगडी कोणत्या गावात, कोणत्या मागावर विणली हे कळेल असे लिहिले होते. प्रत्यक्षात गटाचे सर्वसाधारण पान उघडले, त्यावर एका मागाचे छायाचित्र आणि तीच रोगांची यादी होती. दुकानात हे सांगितल्यावर त्यांनी वही काढून आमच्या घोंगडीवरील क्रमांकावरून विणकराचे गाव लगेच सांगितले. म्हणजे माहिती आहे, नीट ठेवलेली आहे, फक्त ती वहीत आहे. अशा वेळी कोड लावण्याची घाई कशाला? वहीचा क्रमांक चिठ्ठीवर छापला आणि खाली दुकानाचा दूरध्वनी दिला तरी काम भागले असते.

निगा राखण्याविषयी दुकानातून मिळालेला सल्ला चांगला होता आणि तो चिठ्ठीवर नसल्यामुळे येथे देतो. घोंगडी वर्षातून एकदाच, पावसाळा संपल्यावर, थंड पाण्यात रिठ्याच्या पाण्याने धुवावी. पाणी गरम असले किंवा आपटून धुतली तर लोकरीच्या केसावरील खवले एकमेकांत अडकून कापड आक्रसते आणि ते पुन्हा मोकळे होत नाही. धुलाई यंत्रात तर टाकूच नये. बाजारातील बऱ्याच पावडरींमध्ये प्रथिने विरघळवणारी विकरे असतात, ती डागांबरोबर लोकरही खातात, कारण लोकर हेही प्रथिनच आहे. पिळू नये, सपाट पसरून सावलीत वाळवावी. कसर लागू नये म्हणून वेखंडाचे तुकडे किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला घडीत ठेवण्याची जुनी रीत आहे, पण तेवढ्यावर विसंबून पेटीत वर्षभर ठेवली तर पश्चात्ताप होईल. दर महिन्या-दोन महिन्यांनी बाहेर काढून झटकणे आणि ऊन दाखवणे हाच खरा उपाय, कारण कसरीची अंडी झटकल्याने गळून पडतात. वस्तुसंग्रहालयांत लोकरीचे कपडे बंद पिशवीत घालून गोठवतात, तेही परिणामकारक आहे, मात्र आमरसाच्या डब्यांनी भरलेल्या घरगुती फ्रीजमध्ये अडीच किलोची घोंगडी कोण घुसवणार?

घ्यावी की नाही, असे विचाराल तर शेतावर, वस्तीवर, गच्चीवर झोपणाऱ्यांनी, ट्रेकिंगला किंवा पंढरीच्या वारीला जाणाऱ्यांनी आणि जमिनीवर बसून काम करणाऱ्यांनी जरूर घ्यावी. दमा किंवा लोकरीची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी दुकानात हाताळून, निदान काही वेळ अंगावर घेऊन पाहावी. तान्ह्या बाळासाठी घेऊ नये. पाठदुखीवर औषध म्हणून तर कोणीही घेऊ नये. घेताना पूर्ण उलगडून दोन्ही किनारी पाहाव्यात, एखादा धागा जाळून दाखवायला सांगावे, वहीतील क्रमांक लिहून घ्यावा आणि पांढरी हवी असल्यास आगाऊ सांगून ठेवावे, कारण पांढरी लोकर कमी मिळते आणि फळीवर ती क्वचितच असते. फाटलेली किनार हेच विणकर नाममात्र दरात पुन्हा बांधून देतात, मात्र त्यासाठी घोंगडी धुऊन न्यावी लागते, आणि मार्गशीर्ष-पौषात गर्दी असल्यामुळे ती परत मिळायला वेळ लागतो.